येते हं, आज्जी

माझी नात धारवाडला युनिव्हर्सिटीत मरण शिकते. मरण, मरणाऱ्याची सेवा आणि मागं राहिलेल्यांचं दुःख, असा पेपरच हाय म्हणे. मी तिसरी शिकलेला माणूस, पण नंदिगड्ड्याकडच्या आमच्या वाडीत तिरडी बांधायला अजून मलाच बोलावतात. म्हटलं, "ह्याला बसचं भाडं भरून धारवाड कशाला? मला विचारायचं."

"म्हणून तर आले, आज्जा," ती म्हणाली. दुःखातल्या एका माणसाचं बोलणं ऐकून तिला लिहून द्यायचं होतं. त्याशिवाय पास करणार नव्हते.

शेजारच्या वहिनीचा नवरा, माझा दोस्त, तीन दिवसांपूर्वी गेला होता. तिथंच न्यायचं ठरवलं आणि नातीला आधी नीट शिकवलं. पेजेचं भांडं न्यायचं, त्या घरात अजून चूल पेटलेली न्हाई. वही पिशवीतच ठेवायची. रडू नका म्हणायचं न्हाई. गप बसायचं.

पोरीनं सगळं बरोब्बर केलं. वहिनी आपणहून बोलायला लागली, नवरा घोरायचा कसा तेही सांगितलं. मी मिशीवर हात फिरवत बसलो. मग नात उठली आणि लाडानं म्हणाली, "येते हं, आज्जी."

सुतकाच्या घरातून न बोलता उठायचं असतं. येते म्हणणं म्हणजे असल्याच कामाला पुन्हा येणं मागून घेणं.

वहिनीची नणंद कडाडली, "परत कशाला येतीस? आता कुणाला पोचवायचं हाय?"

नातीचं तोंड एवढंसं झालं. आता ह्या घरात तिच्याशी कोण बोलणार, आणि ती लिहिणार काय? मी दोनदा खाकरलो.

"पोरीची चूक न्हाई. मी सांगायला विसरलो. चूक माझी."

वहिनी माझ्याकडं बघत राहिली, आणि पदर तोंडाला लावून हसली. "भावजी चुकले म्हणतात. हे ऐकायला आमचे मालक जन्मभर थांबले, आणि तीन दिवसांनी हुकलं बघा." मग नातीला म्हणाली, "तेरावं होऊ दे. मग वही घेऊनच ये."

आम्ही न बोलता उठलो.

तेराव्यानंतर नात पुन्हा गेली. मी कुंपणापाशी उगीच काटक्या सारत उभा. दुपार सरली तरी दोघींचं बोलणं सरेना. शेवटी नात पायरीवर आली आणि मुकाट चपला घालायला लागली.

"काय गं," वहिनी आतून म्हणाली, "आता म्हण की."

"येते, आज्जी."

"ये. आणि कुंपणावरच्या त्या मास्तरालाबी आण."