डॉक्टरच्या वहीतलं माझं पान

माझी धाकटी बहीण अन्न सोडून मेली, एवढं गावाला माहीत आहे. तिला पुन्हा जेवायला लावणं एकदा माझ्या हातात होतं आणि ते मी केलं नाही, हे कोणालाच माहीत नाही. बायकोलाही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात अनसिंगच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं. मी तिथं मजुरांच्या हजेरीचं मस्टर भरायचो. आमच्या वस्तीतला मी पहिला नोकरदार, तेव्हा मान जरा ताठच. बहीण त्याच कामावर खडी फोडायची. तिचं सहा महिन्यांचं लेकरू बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असायचं. दुपारी पंगत बसवून सुकडी वाटत. पंगतीतून उठला त्याचा वाटा गेला, हा नियम माझाच.

एक दिवस सुकडी हातात पडली न पडली तोच लेकरू रडायला लागलं. बहीण उठू लागली. पंगतीत तिच्या शेजारी बसलेली बाई हसली, "उठ वं उठ, तुह्यं काय जाते? भाऊच मस्टरवाला! आमी उठलो का वाटा गेला."

मला ते झोंबलं. "बस खाली," मी बहिणीला म्हणालो. "आधी खाय, मंग पाय त्याले."

ती बसली. तिनं खाल्लं. लेकरू गप्प झालं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. ती जाऊन बघते तो झोळीचं कापड त्याच्या नाकातोंडावर गुंडाळलेलं.

"लेकरू मरून राह्यलं होतं आन् हे सुकडी खात बसली," असं बायका म्हणू लागल्या. पंगतीतल्या त्या शेजारणीनं माझं बोलणं ऐकलं होतं, पण मस्टरवाल्याच्या तोंडी कोण लागणार? मीही गप्पच.

तेव्हापासून घास तोंडाजवळ नेला की तिला उमासे येत. मनगटातली काकणं कोपरापर्यंत सरकायची.

पुढं दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आला. धक्का बसलेल्या माणसांना भांगेनं काही गुण येतो का, हे तो तपासत होता. मोजून मात्रा, दुधातून, दिवसाउजेडी, आणि जवळ विश्वासाचं एक माणूस. "तुम्ही काही विचारायचं नाही," तो मला म्हणाला. "ती बोलली तर ऐका, खोटं पाडू नका, आणि जसंच्या तसं लिहा." वही माझ्या हाती दिली. सख्खा भाऊ, शिकलेला, अक्षर चांगलं. माझ्याहून योग्य कोण?

तासा-दीड तासानं तिचा चेहरा सैल झाला. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याकडे बघून हसली.

"दादा, झोळी हालून राह्यली पाय." मग हळूच, "तू म्हनला होता ना, आधी खाय? मी उठत होती. होती ना मी उठत?"

तिनं हात पुढं केला. "भाकर दे मले. पन आधी सांग."

भाकर ताटलीत होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दाराबाहेर तिचा नवरा बसला होता.

"मले नाई आठवत, बाई," मी म्हणालो.

हात मागं गेला. वहीत मी लिहिलं, 'रुग्ण काही बोलली नाही. अन्न मागितले नाही.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

डॉक्टरनं आणखी दोनदा मात्रा दिली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग माझी पानं वाचून तो म्हणाला, "हिच्यावर परिणाम नाही." उपाय थांबला. भांग पाजली पोरीला, म्हणून गाव अजून त्याला हसतं. औषध लागू पडलं होतं. ते एकट्या मला माहीत आहे.

ज्वारी काढणीच्या दिवसांत ती गेली. मातीला पंगतीतली ती शेजारीण आली होती. जवळ येऊन म्हणाली, "जेवला का, भाऊ?"

"जेवलो," मी म्हणालो. खरंच जेवलो होतो.