मोटारीच्या खोलीतला हीट पंप

होळी गावातल्या आमच्या वाडीत विहिरीशेजारी सिमेंटचा एक हौद आहे. पूर्वी विहिरीचं पाणी आधी त्यात पडायचं, मग पाटानं केळींना आणि पानवेलींना जायचं. ठिबक बसवल्यापासून तो रिकामाच होता. भरला तर पाणी माझ्या कमरेपर्यंत येतं.

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिच्या डाव्या पायातली ताकद गेली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांना कोमट पाण्यात उभं करा. पाण्यात अंगाचा भार कळत नाही. पण उशीर नको, पहिले महिनेच कामाचे." ते महिने भराभर संपत होते. विहिरीच्या गार पाण्यात आईचा पाय लाकडासारखा ताठ व्हायचा आणि ती रडायची. मला भीती वाटत होती आणि भीती वाटली की मला राग येतो. मी ठरवून टाकलं, आई याच हौदात चालायला शिकणार.

आधी बाबांनी बंब पेटवला. सकाळभर आम्ही कढत पाण्याच्या बादल्या ओतल्या. दर्यात खसखस! आमच्या नाकी नऊ आले आणि हौद होता तसाच राहिला. मग फुलपाड्यातल्या एका एसी मेकॅनिककडून मी हीट पंप आणला. कुठल्याशा रिसॉर्टनं पोहण्याच्या तलावावरून उतरवलेला, एसीच्या बाहेरच्या डब्यासारखाच दिसणारा. "मॅडम, हा हवेतली गर्मी खेचतो आणि पाण्यात सोडतो," मेकॅनिकनं समजावलं. "थंड हवा मागे फेकतो. फक्त याला मोकळं ठेवा, बाकी टेन्शन नाही."

"पाइप आमी जोडू, तू जा," बाबा त्याला म्हणाले. वाडीवाल्याला पाइप जोडायला परका माणूस लागला तर त्याची लाज जाते.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला गेले. परत आले तोवर पंप सुरू झाला होता, पण दिसत नव्हता. बाबांनी तो विहिरीच्या मोटारीच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं होतं. आमच्याकडे मोटार म्हणजे घरातली लेक, तिला उघड्यावर कोण ठेवतं? तांब्याच्या तारेसाठी विहिरीवरच्या मोटारी चोरीला गेलेल्या बाबांनी पाहिल्या होत्या. आत घरघर चालू होती, म्हणून मीही गप्प बसले. ती चूक माझीसुद्धा.

चार दिवस पंप घरघरला. रोज संध्याकाळी आई खुर्चीतून वाकून पाण्यात बोटं बुडवायची आणि म्हणायची, "पानी गारच." पाचव्या दिवशी तिनं बोटं बुडवलीच नाहीत. ते मला सहन झालं नाही. मी बाबांकडून किल्ली घेऊन खोली उघडली. आतून फ्रीज उघडल्यासारखी हवा तोंडावर आली आणि पंपाच्या पत्र्यांवर बर्फ धरलेला दिसला. बंद खोलीत तो स्वतःचीच थंड हवा पुन्हा पुन्हा खात होता. गर्मी आणणार कुठून?

"बाहेर काढू या," मी म्हटलं.

"चोर नेतील. मना ठावं हाय," बाबा म्हणाले. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि चांदीपला आत्याकडे निघून गेले.

किल्ली गेली, पण पहार घरातच होती. मी खोलीच्या समोरासमोरच्या दोन भिंती पाडल्या. हातांना फोड आले. आई ओट्यावरून बघत होती. तिनं एकदाही "थांब" म्हटलं नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा चार खांब, पत्रा, बाकीच्या दोन भिंती आणि दाराच्या कडीला लोंबकळणारं त्यांचं कुलूप एवढंच उरलं होतं. दोन दिवस ते माझ्यावर धुमसत होते. तिसऱ्या दिवशी मात्र जुन्या फाटकाची लोखंडी जाळी आणून त्यांनी दोन्ही बाजूंना बसवली. पंपाची थंड हवा जाळीतून बाहेर येते हे कळल्यावर विड्याच्या पानांच्या करंड्याही तिथंच ठेवायला लागले.

हौदावर थर्माकोल झाकलं आणि पाणी हळूहळू तापलं. आईनं बोटं बुडवली, मग अख्खा हात बुडवला. तिला हौदात उतरवून मी तिचे दोन्ही हात धरले. रोज तसंच. तिचा पाय सैल पडू लागला, टाच टेकू लागली. असे कितीतरी दिवस गेले.

एका सकाळी ती म्हणाली, "हात सोड."

भिंती पाडताना मी क्षणभरही थांबले नव्हते. आता बोटं उघडेनात. "उद्या सोडते," मी म्हटलं. बाबा काठावर उभे होते, तेही म्हणाले, "उद्या बघू."

आईनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि माझ्या मुठीतून स्वतःच हात ओढून घेतले.