पर्समधलं माऊथगार्ड

आमच्या घरात दोघींकडे माऊथगार्ड आहे आणि त्यातली एकच कबड्डी खेळते.

मी मुरुडला एसटीत कंडक्टर. माझी मुलगी समीक्षा नववीत, शाळेच्या संघात पहिली चढाई तिची. दातांना तारा बसवल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, "धक्का लागला तर तारेने ओठ फाटतो. कबड्डी बंद करा, नाहीतर माऊथगार्ड वापरा. तारांवर बसेल असं मापाचं मी बनवून देतो."

सासूबाई म्हणाल्या, "कबड्डी सोडू दे. पोरीची जात हाय."

"तारा पण राहतील आणि कबड्डी पण," मी म्हटलं.

पण डॉक्टरांचं तरी मी का ऐकू? (अठरा वर्षं प्रवाशांना ऐकवल्यावर ऐकायची सवय राहत नाही.) अलिबागला खेळाच्या दुकानातून तयार गार्ड आणलं. गरम पाण्यात बुडवायचं, मऊ झालं की चावायचं, दातांचा ठसा बसतो. भाताच्या टोपात पाणी तापवलं. समीक्षा मागे सरकली.

"आई, पोळंल गं."

"काय न्हाय पोळत. हे बघ."

मी चावून दाखवलं. अजिबात पोळलं नाही. गार्ड फार सुंदर बसलं, माझ्या दातांवर.

मग मुकाट्याने डॉक्टरांकडून तिच्या मापाचं करून आणलं. माझं टाकवेना, ते पर्समध्ये राहिलं.

तालुक्याच्या सामन्याला मी ड्युटी बदलून गेले. समीक्षाच्या पहिल्याच चढाईला पंचांनी शिट्टी मारली. "दम स्पष्ट ऐकू येत नाही. तोंडातलं काढ, नाहीतर बाहेर बस."

तिने माझ्याकडे पाहिलं. हात तोंडाकडे गेला आणि माझं डोकं फिरलं. गर्दीतून वाट काढणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा. दोरी ओलांडून मी पंचांसमोर उभी.

"साहेब, ते निघणार न्हाय. गार्ड घालून बोलता येतं. ऐका."

पर्समधलं माझं काढलं, दातांवर चढवलं आणि "कबड्डी कबड्डी" करत सरळ समोरच्या संघाच्या अंगणात शिरले.

आता त्या मुली तयारीच्या. दम ऐकू आला की पाय धरायचा, एवढंच त्यांना शिकवलेलं. कोपऱ्यातल्या बारकीने माझा घोटा पकडला, बाकीच्या अंगावर आल्या. मी साडीसकट तोंडावर आपटले!

उठले तेव्हा ओठ शाबूत, दात जागच्या जागी. मैदान हसून लोळत होतं. "बघा," मी म्हटलं, "एक दात हलला न्हाय."

पंचांनी माझा दम स्पष्ट असल्याचं मान्य केलं. समीक्षाला गार्डसकट खेळू दिलं. आणि बाहेरचं माणूस मैदानात शिरलं म्हणून समोरच्या संघाला एक गुण दिला.

सामना आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या गाडीत समीक्षा म्हणाली, "आई, माझे दात सांभाळलेस. आता माझ्या मॅच पण सांभाळ जरा."

मला फार वाईट वाटलं. पण पुन्हा कुणी तिचं गार्ड काढायला लावलं तर मी पुन्हा शिरेन, हेही तिला तिथेच सांगून टाकलं.

तिच्या सामन्यांना मी अजून जाते. दोरीच्या बाहेर बसते, माझं गार्ड घालून. ते घालून बोलता येतं हे मी सिद्ध केलंच आहे. पण गच्च चावून धरलं की माझ्यासारखीचंही तोंड बंद राहतं.