टायरची आतली कड

सुदर्शन गजभियेची एक सवय आमच्या धायरीच्या इमारतीत चेष्टेचा विषय होती. कुणाचीही मोटार उभी दिसली की तो वाकायचा आणि टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवायचा. माझ्या जुन्या गाडीपाशी त्याला असा वाकलेला पाहून मी एकदा म्हणालो, "काय रे, दात मोजतोस का तिचे?" तो हसला. "काका, बाहेरून सगळीच टायरं चांगली दिसतात."

मूळचा भंडाऱ्याकडचा. जिन्यात भेटला की "जय भीम, काका" म्हणून आधी वाट द्यायचा. आधी कोथरूडच्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होता, नंतर विजेवरच्या टॅक्सी चालवणाऱ्या एका कंपनीत लागला. इतक्या वर्षांत त्याच्या हातून गाडीला साधा ओरखडा उमटला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता. असायलाच हवा. या शहरात दोन्ही आरसे शाबूत ठेवून घरी परतणं म्हणजे काय, ते इथल्या रस्त्यांवर गाडी घालणाऱ्यालाच कळेल.

गेल्या पावसाळ्यात वारज्याजवळ पाण्याखालच्या खड्ड्यात त्याची गाडी आदळली. कंपनीच्या गॅरेजने खालचा मोडका भाग बदलला, पण अलाइनमेंट केलं नाही. म्हणजे चाकं पुन्हा सरळ रेषेत आणलीच नाहीत. ते ठरलेल्या सर्व्हिसलाच होणार, मध्येच नाही, असा नियम. नियम करणाऱ्याने तो खड्डा पाहिला नसावा. त्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढू लागली. सुदर्शन मला समजावायचा, विजेच्या गाडीत बॅटरीचं ओझं भलतंच असतं, त्यात ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की ती झेप घेते. चाक जरा जरी तिरकं असलं तरी टायर आतून खोडरबरासारखं झिजतं.

रोज सकाळी ड्युटीआधी चारही टायरचे फोटो कंपनीच्या ॲपवर टाकावे लागत. सुदर्शन स्टिअरिंग पूर्ण वळवून, पुढच्या चाकाची झिजलेली आतली कड दिसेल असा फोटो काढायचा. ॲप तो नाकारायचं. चाक सरळ ठेवून फोटो काढा. चाक सरळ केलं की दिसायची ती बाहेरची शाबूत नक्षी. त्याखाली एक बटण असायचं, 'टायर ठीक आहेत'. ते दाबल्याशिवाय गाडी जागची हलत नसे.

सुपरवायझर रोहनला त्याने हे कितीदा तरी सांगितलं.

"दादा, फोटोत तर काही दिसत नाहीये," रोहन म्हणायचा. "ॲप ओके म्हणतंय ना? मग टेन्शन कशाला घेता?"

"सर, एकदा खाली येऊन हात तरी लावून बघा."

"माझं काम स्क्रीनवर असतं, दादा."

घरी बायको, सत्यशीला, म्हणायची, तक्रार करा, पण ड्युटी सोडू नका. सुदर्शन रोज सकाळी ते बटण दाबायचा आणि दिवसभर स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरायचा. संध्याकाळी त्याचे खांदे भरून यायचे.

दिवाळीच्या तोंडावर सिंहगड रस्त्याच्या उड्डाणपुलावर पुढचं डावं टायर फुटलं. मागे एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन बसल्या होत्या. गाडी कठड्याला घासत घासत थांबली, पण कुणाला खरचटलंही नाही. बाईंनी त्याला हात जोडले. कंपनीने चौकशी लावली. चौकशी कसली, रोहनने स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

"हे बघा. टायर ठीक आहेत, असं रोज तुम्हीच सांगितलंय."

"बटण दाबल्याशिवाय गाडी चालू होते का, सर?"

"तो वेगळा मुद्दा आहे."

"मंग मले रोज खोटं बोलाले लावलं कोणं?" सुदर्शन ओरडला. गावाकडची बोली त्याच्या तोंडी मी तरी कधी ऐकली नव्हती. हे मला सांगतानाही ती तशीच आली.

शेरा पडला, 'निष्काळजी चालक. फुटपाथला चाक घासल्याने टायरचे नुकसान.' त्याचा आयडी बंद झाला. असे शेरे बाकीच्या टॅक्सी कंपन्यांपर्यंतही पोचतात, त्यामुळे कुणीच त्याला उभं केलं नाही. निष्काळजी म्हणे! हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

आता तो वारज्याच्या एका सोसायटीत फाटक उघडतो. गाड्या येतात, जातात. तो वाकत नाही.

परवा मला नारायण पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. औषध घातल्यावर दिसत नाही, म्हणून त्याला सोबत घेतलं. बोलावलेली टॅक्सी आली आणि नंबर बघून सुदर्शन थबकला. त्याचीच गाडी. पुढचं डावं टायर नवीन होतं. तो वाकला, आतून हात फिरवला आणि नव्या ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, हेही आतून झिजायला लागलंय. अलाइनमेंट करून घ्या."

"फोटो ओके आलाय, दादा," तो म्हणाला. "बसा."

आम्ही मागे बसलो. गाडी डावीकडे ओढते की नाही, हे मला बसल्या जागी कळत नव्हतं. पण सुदर्शनच्या दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या, उजवीकडे वळलेल्या, आणि नारायण पेठ येईपर्यंत त्या सरळ झाल्या नाहीत.