बटण कुणी दाबलं

ती सिस्टर आईच्या पलंगाशी येऊन नुसती उभी राहायची. काही विचारायची नाही, आईला हातही लावायची नाही. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून आईच्या छातीकडं टक लावून बघायची आणि निघून जायची. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मला ते खटकायला लागलं. काहीतरी बिनसलंय आणि हे लोक आपल्याला सांगत नाहीत, असं मी मनाशी धरून बसले.

आईच्या आतड्यात गाठ निघाली होती. ती काढायला आम्ही तिला कोल्हारहून नगरच्या एका दवाखान्यात आणलं होतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिला स्पेशल खोलीत हलवलं, तेव्हा बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, नाकाला ऑक्सिजनची नळी आणि सलाईनला जोडलेलं एक छोटं मशिन होतं. त्यात मॉर्फिन, अफूपासून केलेलं वेदनाशामक. मशिनमधून निघालेल्या वायरच्या टोकाला बटण होतं, ते आईच्या मुठीत दिलेलं. दुखायला लागलं की तिनं दाबायचं, थोडं औषध आपोआप आत जातं.

"पेशंटनंच दाबायचं हं. तुमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही," सिस्टर म्हणाली.

खोलीत आम्ही तिघं होतो. मी, दादा आणि आत्या. दादा म्हणजे माझे वडील. आत्या त्यांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याच घरी राहणारी. तिचं आणि आईचं कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. एका चुलीवर स्वयंपाक व्हायचा, पण निरोप मात्र तिसऱ्याच्या तोंडून जायचे. तरी आईला गाडीत बसवलं तेव्हा आत्या आपलं गाठोडं घेऊन मागच्या सीटवर आधीच येऊन बसली होती. ती का आली, हे मला कळलं नव्हतं.

"अफू देत्यात तिला," आत्या माझ्या कानाशी म्हणाली. "आमच्या सासरी एक म्हातारा खायाचा. गुमान पडून ऱ्हायाचा. माणूस गप बसावा म्हनून देत्यात."

मी तिला गप्प केलं, पण ते डोक्यात राहिलंच.

दुपारी मी खाली जेवायला गेले. परत आले तर आई घोरत होती. रात्रभर कण्हणारी बाई शांत झोपलेली बघून मला बरं वाटलं. आत्या पलंगाला अगदी खेटून स्टुलावर बसली होती, तिचा हात आईच्या चादरीवर होता. मला बघून तिनं तो काढून घेतला. दादा खिडकीशी उभे होते.

"झोपू दे तिला," आत्या म्हणाली.

मग माझ्या लक्षात आलं की घोरणं मधेच थांबतंय. थांबायचं, आणि मी वाट बघत राहायचे. मग एक मोठा घरघराट. पुन्हा शांतता. चिमट्याचा आकडा मात्र चांगला दिसत होता, म्हणून मी स्वतःलाच वेडी म्हटलं. तेवढ्यात सिस्टर आली. तिनं आकड्याकडं बघितलंच नाही. छातीकडं बघितलं आणि घड्याळाचा हात खाली घेऊन आईचे खांदे धरून हलवायला लागली.

"मावशी! डोळे उघडा! श्वास घ्या, मोठा श्वास घ्या!"

आईनं डोळे उघडले नाहीत. सिस्टरनं मशिन बंद केलं, हाक मारून डॉक्टरांना बोलावलं, आईची हनुवटी वर उचलून धरली. डॉक्टरांनी मॉर्फिन उतरवणारं इंजेक्शन दिलं. काही क्षणांत आईनं खोल श्वास ओढला आणि दुसऱ्याच श्वासाला किंचाळली. उतरलेल्या औषधाबरोबर सगळं दुखणं परत आलं होतं.

"तुम्हीच जास्त सोडलं असेल!" मी सिस्टरवर ओरडले. "आकडा तर चांगला होता!"

"नाकाला ऑक्सिजन चालू असला की आकडा उशिरा पडतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून सिस्टर श्वास मोजतात." मग त्यांनी मशिनकडं आणि आमच्याकडं पाळीपाळीनं बघितलं. "गुंगी चढली की पेशंटची मूठ सुटते, बटण दाबलं जात नाही. मशिनमधली नोंद सांगतेय, यांना इतकी गुंगी चढल्यावरही बटण दाबलं गेलंय. कुणी दाबलं?"

उत्तरासाठी थांबायला त्यांना वेळ नव्हता. आईला आयसीयूत नेलं. इंजेक्शनचा अंमल ओसरला तर श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणाले. खोलीत आम्ही तिघं आणि पलंग होता तेवढी मोकळी जागा उरली.

मी आत्याकडं वळले. "तुझा हात चादरीवर होता."

आत्यानं माझ्याकडं रोखून बघितलं. "व्हय, हुता. तिचे पाय गार पडलेते, चोळत हुते. आमचं पटलं न्हाई म्हनून मी तिचा जीव घेईन व्हय? आन् सकाळी आमी दोघं च्याला गेलो तवा तू हितं एकटीच हुतीस की. मला तर तुझाच संशय आला. तुला तिचं कण्हनं सोसंना, तूच म्हनलीस."

मी म्हटलं होतं खरं. 

"मी दाबलं," खिडकीकडून दादा म्हणाले.

आम्हाला आधी कळलंच नाही. कडबाकुट्टीत आईचं बोट चेंगरलं होतं तेव्हा "फडकं बांध" एवढंच म्हणून शेताच्या पाण्याची पाळी धरायला निघून गेलेला हा माणूस.

"झोपंत बी कण्हत हुती," ते म्हणाले. "कण्हली की दाबायचो. मला वाटलं, दुखतंय पन हात उचलंना तिला." एवढं बोलून ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

आई परत खोलीत आली ती मशिनशिवाय, दुसऱ्या औषधांवर. दादा आत यायला तयार नव्हते. सिस्टरला मी सगळं सांगितलं होतं. तीच त्यांना दंडाला धरून आत घेऊन आली आणि पलंगाशी बसवलं.

"बाबा, छातीकडं बघत राहायचं. वरखाली होणं मंदावलं, घोरताना खंड पडला, की मला हाक मारायची. दुसरं काही करायचं नाही."

दादा बसले. जेवायला उठेनात. आईला जाग आली तेव्हा नवरा डोळे ताणून तिच्याकडं बघत होता.

"आसं काय बघताय?" आईनं क्षीण आवाजात विचारलं. "मेले का काय, त्ये बघताय व्हय?"

"न्हाई," दादा म्हणाले. "चाललंय का बघतोय."

आईनं माझ्याकडं बघितलं. यांना काय झालंय, असं त्या नजरेत होतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी तिनं मला नीट विचारलं. लपवायचं नाही असं ठरवून मी सगळं सांगितलं. बटण, गुंगी, दादांचं बोलणं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. माझं संपल्यावर मान हलवून म्हणाली, "खोटं बोलू नको. ह्यांनी? माझ्या दुखन्यासाठी? तुझ्या आत्यानं दाबलं आसंल. तिला वाचवाया सांगतीस तू."

मी शपथ घेतली. ती हसली आणि कूस बदलली. अजूनही तिचा तोच समज आहे.