फुंकली का?

हातात काहीही पोकळ आलं की तो आधी फुंकून बघायचा. बिअरची बाटली, पेनाचं टोपण, नळाच्या कामातून उरलेला पाइपाचा तुकडा. एकदा आमच्याकडे जेवायला आला, तर लोणच्याची रिकामी बरणी ओठाला लावून बसला. सूनबाईला वाटलं, याला लोणचं हवंय. तिने दुसरी बरणी उघडून वाढलं. त्याने ते निमूट खाल्लं आणि म्हणाला, "पहिली बरणी बरोब्बर सुरात आहे."

हा आमचा रोटोटुनाचा, म्हणजे ऑकलंडच्या दक्षिणेला दीड-दोन तासांवरच्या वस्तीतला शेजारी, कुंपणापलीकडचा. पुण्याचा, कंप्युटरवर काम करणारा, पन्नाशीला टेकलेला, डोक्यावर केस नावापुरते. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, नीट बघा. नाव लिहीत नाही. त्याने वाचलं तर शुद्धलेखनाच्या चुका काढत बसेल.

मी काही शिकलेला माणूस नाही. सातवीत मास्तर आणि मी एकमेकांना कंटाळलो. पुढचा जन्म ट्रक चालवण्यात गेला. उजवा कान इंजिनाने खाल्ला, डावा थोडाफार शिल्लक आहे. त्या उरलेल्या कानावर या बाबाने एवढा भरवसा का टाकला, ते आता सांगतो.

आमची ही गेली आणि मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो तो बसलोच. आम्ही दोघं मुलाकडे राहायला इकडे आलो होतो. तिला इथे करमत नव्हतं. गावाकडे चूल होती, इथे काचेची शेगडी. फुंकायला काही नाही, मग ती माझ्यावरच जाळ काढायची. ती गेल्यावर घर गप्प झालं. भेटायला लोक आले. काळ हेच औषध, असं सगळेच म्हणाले. हाही आला. समोर उदबत्तीची रिकामी नळी होती, ती उचलली आणि हळूच फुंकली. मला राग यायला पाहिजे होता. हसू आलं. ती गेल्यानंतरचं पहिलं.

जाताना म्हणाला, "काका, शनिवारी काय करताय?"

"मरणाची वाट बघतोय."

"मग चला. संध्याकाळपर्यंत परत येऊ."

त्याला आयरिश फ्ल्यूट घ्यायची होती. पुण्यात तो बासरी शिकला होता, म्हणजे क्लासची फी भरली होती. इकडे ऑफिसातल्या लोकांबरोबर एका पबमध्ये गेला, तिथे म्हातारे-म्हाताऱ्या गोल बसून आयरिश गाणी वाजवत होत्या. तेव्हापासून याला वेड लागलं. मलाही नेलं एकदा. "काका, हे आपलं भजनी मंडळच आहे," म्हणाला. खरंच तसंच होतं. एक संपायच्या आत दुसरं सुरू, कोणी कोणाकडे बघत नाही. फक्त टाळांच्या जागी बिअर.

तसली फ्ल्यूट मी तिथे पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणालो, "ही तर फुंकणी." काळी, जाड, सरळ. आमच्या हिच्या चुलीपाशी असायची तीच, नुसती भोकं जास्त.

"फुंकणी नाही काका, फ्ल्यूट."

"फुंकूनच वाजते ना?"

"हो, पण..."

"मग झालं."

त्याच्या बायकोने एकच अट घातली होती. एकच घ्यायची, आणि घेतली की हा विषय घरात बंद. त्यामुळे तो अडकला. अशी फ्ल्यूट दोन प्रकारची मिळते. एक लाकडाची, कारागिराने हाताने केलेली, आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची. दुसरी दिसायला हुबेहूब तशीच, पण कृत्रिम. मी तिला प्लास्टिक म्हणायचो.

"प्लास्टिक नाही काका, पॉलिमर."

"बादली ज्याची असते तेच ना?"

"बादली प्लास्टिकची असते. फ्ल्यूट पॉलिमरची."

लाकडी हाताला उबदार लागते, पण तिचे लाड फार. तेल लावा, वाजवून झाली की आतून पुसा, उन्हात गाडीत ठेवू नका, हवा कोरडी झाली तर तडकते. पॉलिमरची पाण्यात टाका, आपटा, विसरून जा. तिला काही होत नाही. मी म्हणालो, "मग विचार कसला करतोस?" तो म्हणाला, "काका, तुम्ही काकूंना निवडताना असा विचार केला होता का?" आमची ही फार तडकायची.

मला बरोबर न्यायचं कारण त्यानेच सांगितलं. "माझी बायको सगळ्याला छानच म्हणते, कारण तिला झोपायचं असतं. इंटरनेटवरचे लोक भांडतात. तुम्ही खोटं बोलत नाही." दर शनिवारी तो गाडीचा हॉर्न वाजवायचा आणि मी खुर्चीतून उठायचो. हा घेईपर्यंतच आपले शनिवार, हे मला कळत होतं. म्हणून मीही घाई केली नाही.

एकदा पार ऑकलंडपलीकडे... नाही, अलीकडे, मनुरेवाला गेलो. एका म्हातारीकडे जुनी लाकडी फ्ल्यूट विकायला होती. नवरा वाजवायचा, तो गेला. तिने आम्हाला चहा दिला. हा मनापासून वाजवत बसला. म्हातारीचे डोळे भरले आणि तिने फ्ल्यूट त्याच्या हातातून काढून घेतली. विकायची नाही म्हणाली. मला तिचं इंग्रजी धड कळलं नाही. गाडीत बसल्यावर विचारलं, "काय म्हणाली?"

त्याने आधी गाडी रस्त्याला लावली. मग म्हणाला, "म्हणाली, माझा नवरा किती सुंदर वाजवायचा, ते आज कळलं."

त्याच्याबद्दल एक सांगतो: हे त्याने लपवलं नाही. दुसरा कोणी असता तर किंमत जुळली नाही म्हणाला असता.

शेवटी राग्लनला एक कारागीर सापडला. गोरा, दाढीवाला, ऐन थंडीत पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, पायाच्या बोटांवर लाकडाचा भुसा. तो दोन्ही प्रकार करायचा. छान म्हणायच्या जागी कशालाही "स्वीट अ‍ॅज" म्हणायचा. गोड कशासारखं, ते पुढे कधी बोललाच नाही.

तिथे आमच्या शेजाऱ्याने माझी परीक्षा घेतली. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, शाळेत मास्तर करायचे तसं. म्हणाला, "मी एकेक वाजवतो. बघायचं नाही. कुठली आवडली ते सांगायचं."

पहिली वाजवली. मी म्हणालो, "वाईट."

दुसरी वाजवली. "हीपण."

"काका, काहीतरी फरक सांगा ना."

"पहिली वाजवताना तू घाबरला होतास. दुसरीला दमलास."

असं बराच वेळ चाललं. शेवटी तो खरंच दमला आणि गाणं सोडून त्याने नुसता एक लांब खालचा सूर धरला. सूर निघायच्या आधी हवा ऐकू आली. चूल पेटायच्या आधी आमची ही फुंकायची, तशी. आधी नुसता श्वास, राखेत घुमणारा, आणि मग एकदम भक्कन जाळ. मी भिंतीला हात टेकला.

"ही," म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. हीच. दुसरी नको."

मी वळून बघितलं. त्याच्या हातात प्लास्टिकची होती. आणि तोंड असं झालेलं, जणू मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी चहा आणणारी धाकटीच पसंत केली.

"पॉलिमर, काका," तो एवढंच म्हणाला.

"स्वीट अ‍ॅज," कारागीर म्हणाला.

आणि या गृहस्थाने लाकडी घेतली. मी विचारलं, "मग मला भिंतीशी कशाला उभं केलंस?"

"खात्री करायची होती."

"कसली?"

"की मी कोणाचं ऐकणार नाही, याची."

त्याच्या बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "काका, लग्नाच्या वेळीही असंच केलं याने. दहा जणांना विचारलं, सगळे नको म्हणाले, आणि मला केलं." ती त्या फ्ल्यूटला सवत म्हणायची. सवतीला बदामाचं तेल आणलेलं बघून म्हणाली, "मला कधी खोबरेल तरी आणलंस का?"

माझे शनिवार संपले असं मी धरून चाललो होतो. पुढच्या शनिवारी परत हॉर्न. बाहेर आलो, तर गाडी जागच्या जागी, आणि हा तेलाची बाटली घेऊन आत बसलेला. "कुठे जायचं नाही काका. तेल लावायचंय, धरायला माणूस पाहिजे." त्या फ्ल्यूटला धरायला माणूस लागत नाही. माझ्या मांडीवर मावते ती.

मग त्याला पर्थला नोकरी लागली. इथे कंपनीने माणसं कमी केली होती, घराचे हप्ते होतेच. जाणं भाग होतं. तिकडची हवा कोरडी. जायच्या आदल्या दिवशी तो डबा घेऊन आला. आत लाकडी फ्ल्यूट.

"ही तुमच्याकडे ठेवतो. तिकडे तडकेल. मी तिथे दुसरी घेतोय."

"कसली?"

त्याने जमिनीकडे बघितलं. "पॉलिमर."

"प्लास्टिक," मी म्हणालो.

पहिल्यांदाच त्याने दुरुस्त केलं नाही. म्हणाला, "फक्त एक आहे काका. ही रोज फुंकावी लागते. नाही फुंकली तर खराब होते."

"मला वाजवता येत नाही."

"वाजवा कोण म्हणतंय? फुंका."

तिकडे उजाडलं की त्याचा फोन येतो. कसे आहात नाही, जेवलात का नाही. सरळ, "फुंकली का?" मी म्हणतो, फुंकली. "पुसली का?" पुसली. मग ऑस्ट्रेलियातल्या माश्यांना दोन शिव्या देतो आणि फोन ठेवतो.

आता ही फुंकायची तर खुर्चीत बसून दम पुरत नाही, उभं राहावं लागतं. दाढी वाढलेली असली की ओठ नीट टेकत नाही, म्हणून दाढी करावी लागते. दाढी केलेला माणूस परत खुर्चीत जाऊन काय करणार? मग डेअरीपर्यंत चालत जातो, दूध आणतो. दुकानदार "किया ओरा" म्हणतो, मी राम राम म्हणतो.

मध्यंतरी मुलगा राग्लनला मासे खायला घेऊन गेला. मी डबा बरोबर घेतला होता. म्हटलं, कारागिराला दाखवू, नीट सांभाळलीय म्हणून. त्याने उलटसुलट करून बघितली, खूश झाला, मुलाशी काही बोलला. मुलगा म्हणाला, "बाबा, तो म्हणतोय, तेल लावून डब्यात ठेवली तर वर्षभर कोणी हात नाही लावला तरी हिला काही होत नाही."

मी म्हणालो, "परत विचार."

त्याने परत विचारलं. परत तेच.

दुसऱ्या दिवशी फोन आला. रात्रभर मी एक चांगली सणसणीत शिवी तयार ठेवली होती.

"फुंकली का?"

"फुंकली," मी म्हणालो.

"आवाज आला?"

"नाही."

"येईल."

आज सकाळी धुकं होतं. कुंपणापलीकडे नवीन लोक आलेत, चांगले आहेत, पण काही फुंकत नाहीत. मी अंगणात उभा राहिलो, ओठ टेकवला आणि फुंकलं. नुसती हवा. परत फुंकलं. परत हवा, लांबलचक, राखेतून गेल्यासारखी. हात गार पडले, दात कडकड करायला लागले, तरी फुंकत होतो.

सूनबाईने दार उघडून विचारलं, "बाबा, थंडी वाजतेय का?"

मी म्हणालो, "हो. तिला तरी वाजता येतं."