भुरीच्या छातीतली शिट्टी

वानखडे डॉक्टर जनावराला आधी हात लावत नसत. समोर उकिडवे बसत, घड्याळ मांडीवर ठेवत आणि नुसते पाहत राहत. "आधी श्वास मोजू, मंग हात लावू," म्हणत. मारेगावच्या ढोरांच्या दवाखान्यात बैल घेऊन आलेली माणसं वैतागत, डॉक्टर मात्र हलत नसत.

अठ्ठावन्नचा हिवाळा असावा. मी नुकतीच शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. आमची मांजर भुरी सारखी खोकायची. अंग जमिनीला टेकवून मान ताणायची, ढास लागायची, पण बाहेर काही पडायचं नाही. आईलाही दोन वर्षं खोकला होता. मामा म्हणाला, "ही बिमारी त्या मांजरीचीच हाय. उद्या पोत्यात घालून दूर सोडून येतो."

सकाळीच मी भुरीला टोपलीत झाकून दवाखान्यात नेलं. रांगेतले शेतकरी हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"उलटी करते का? जेवन कसं हाय? खोकला कोन्त्या दिवसांत वाढते?"

"दिवाळीनंतर," मी म्हणाले.

त्यांनी दोन बोटांनी तिचा गळा हलकेच दाबला, तशी ती खोकली. मग तपासायची नळी भुरीच्या छातीवर टेकवून माझ्याच कानांना लावली. "आयका. श्वास सोडतानी शिट्टी वाजते." फुप्फुसात जंत असतील म्हणून त्यांनी तीन दिवस काडेपेटीतून तिची विष्ठा मागवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जंत नव्हते. "मले दमा वाटते. पन झोपते कुठं, ते पाह्यल्याशिवाय सांगत नाही."

संध्याकाळी ते सायकलवर घरी आले. आई कापसाच्या जिनात, सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, कामाला होती. तिनं उतरवून ठेवलेल्या लुगड्यावर भुरी झोपली होती. डॉक्टरांनी ते उचलून दारात झटकलं. रुईची धूळ उडाली आणि आईला ढास लागली. ती थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

"बाई, सुट्टी संपून कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का?"

"हो. तुमाले कसं समजलं?"

"माही माय जिनातच होती. आमी तिच्यासाठी नवस करत राह्यलो."

मग ते मामाकडे वळले. "मांजरीनं खोकला देल्ला नाही. दोघीयच्या छातीत एकच धूळ हाय. मी ढोरायचा डॉक्टर, बाईचं मी ठरवू नये. यवतमाळले दाखवा." त्यांनी चिठ्ठीही लिहून दिली.

यवतमाळला क्षय नसल्याचं कळलं, आणि जिन सोडायला सांगितलं. आई बाजारात भाजी विकू लागली. भुरीची ढास पुरती गेली नाही, पण पुढच्या थंडीत ती कौलांवर उंदरांमागे धावत होती. आई माझी मुलं खेळवण्याइतकी जगली.

त्या हिवाळ्यानंतर तीन वर्षांनी डॉक्टरांची बदली झाली. मोटारीपाशी आई त्यांच्या पायांशी वाकली. डॉक्टर झटकन मागे सरले.

"बाई, छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली ना तुमी? मंग आता कोनाच्याच पाया पडू नका. माह्याही नाही."

त्यांनी हात जोडले. आई सरळ उभी राहिली आणि तिनंही जोडले.